अडीच ग्रॅमचा पाहुणा

निसर्गाच्या सहवासात माणसाचं मन निर्मळ होतं. गुरुदत्त आठल्ये निसर्गाच्या सहवासात एकूण नऊ दिवस होते. तेवढ्या काळात ते बायकोशी तीनदा खोटं बोलले, एकदा जास्वंदीच्या कुंडीत ओकले, आणि ऐंशी माणसांना त्यांनी असं काही खाऊ दिलं की त्याची आठवण झाली की अजूनही त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागतो.

साल शहाऐंशी, गाव शुगर लँड. तेलाचे भाव पडले होते आणि आठल्यांच्या ह्यूस्टनच्या कंपनीत अर्धा मजला रिकामा झाला होता. आठल्ये पाइपांवरचा ताण मोजायचे; ते टिकले होते. पण सोळा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारो ड्रॉइंगांवर त्यांचं नाव कुठेही नव्हतं. कोपऱ्यातल्या चौकटीत नुसतं ‘जी. ए.’, तेही ‘तपासले’ या शब्दापुढे. एक व्हॉल्व्ह त्यांना सुचला होता, त्याचं पेटंट साहेबाच्या नावावर लागलं. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात डेंटिस्ट चंद्रशेखर गोगट्यांचा फोटो दरवर्षी यायचा. आठल्यांचं नाव एकदाच आलं होतं, ‘खुर्च्या मांडण्यास साहाय्य’ या मथळ्याखाली, आणखी सोळा जणांसकट. आपलं नाव कशाच्या तरी पुढे, एकट्याचं, पूर्ण छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. गोऱ्यांचं बरं असतं, मेल्यावर निदान दगडावर तरी येतं. आपल्यात दगडही नाही.

अशा माणसाच्या अंगणात तो पक्षी आला.

अंगणात साखरपाण्याची एक लाल बाटली टांगलेली होती. आठल्यांच्या बायकोनं, पद्मिनीबाईंनी, ती कुणाच्या तरी गराज सेलमधून आणली होती. तिच्यावर नेहमीचे हमिंगबर्ड यायचे, भांडायचे, जायचे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठल्ये चहा घेऊन बाहेर आले, तर बाटलीपाशी एक वेगळाच जीव तरंगत होता. अंगठ्याएवढा. अंगभर हिरवा, म्हणजे झाडासारखा नव्हे, लग्नातल्या शालूसारखा. शेपूट काळी आणि मधोमध दुभंगलेली, चोच तांबडी आणि टोकाला काळी. नेहमीचे पक्षी आले की हा मुकाट बाजूला व्हायचा, ते गेले की हळूच येऊन प्यायचा.

“दीपा, हे बघ काय आहे!”

दीपा पंधरा वर्षांची, जन्मानं टेक्सन. तिनं काचेतून पाहिलं आणि म्हणाली, “इट्स अ बर्ड, डॅड.”

आठल्यांनी लायब्ररीतून पक्षीमंडळाचा नंबर मिळवला. तासाभरात मिसेस क्रेन्शॉ आल्या. वय सत्तर, डोक्यावर मासेमारीची टोपी, गळ्यात दुर्बीण. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि गवतात गुडघे टेकले. आठल्यांना वाटलं, बाईंना उन्हाचा त्रास झाला.

“गुरू,” त्या कुजबुजल्या. आठल्ये हा शब्द जिभेवर चढत नसल्यामुळे अमेरिकेत सगळे त्यांना गुरू म्हणत आणि मग त्यांचं काही ऐकत नसत. “हा फोर्क-टेल्ड एमराल्ड आहे. मेक्सिकोतला. उष्ण झुडपांमधला. अमेरिकेच्या यादीत हा नाही. एकदाही नाही!”

“मग इथे कसा?”

“वादळानं ढकलला असेल. पहिल्यांदा कुणी पाहिला?”

“मी.”

“म्हणजे पहिली नोंद तुझ्या नावावर. देशातली पहिली. पक्षी अमुक, गाव अमुक, पाहणारा गुरुडॅट आठल्ये. कायमची.”

आठल्यांनी मनातल्या मनात ते शब्द पुन्हा घोळवले. देशातली. कायमची. आणि ‘तपासले’ हा शब्द नाही.

एकच अडचण होती. राज्याच्या पक्षी-नोंद समितीला पुरावा लागे, आणि तो तपासणारे विद्यापीठाच्या संग्रहालयातले गृहस्थ पश्चिम टेक्ससच्या डोंगरात घुबडं मोजायला गेले होते. ते परतणार पुढच्या रविवारी, येणार सोमवारी सकाळी. मिसेस क्रेन्शॉंनी फोटो काढले, पण त्या आनंदानं इतक्या थरथरत होत्या की सगळ्या फोटोंत नुसती हिरवी रेघ आली.

“नऊ दिवस,” त्या म्हणाल्या. “नऊ दिवस तो इथून हलता कामा नये.”

पाहुण्याला हलू न देणं हे काम पद्मिनीबाईंच्या हातचं होतं. मिसेस क्रेन्शॉंनी प्रमाण सांगितलं होतं: साखर एक भाग, पाणी चार भाग.

“एवढं पांचट?” पद्मिनीबाई म्हणाल्या. “चार दिवस राहायला आलाय तो. काय म्हणेल, आठल्यांकडे साखरेला महाग आहेत?” आणि त्यांनी निम्मं पाणी, निम्मी साखर घातली.

पहिल्या दोन दिवसांत आठल्ये त्या पक्ष्याच्या प्रेमात पडले. लायब्ररीतून त्यांनी तीन पुस्तकं आणली. वजन अडीच ग्रॅम, म्हणजे एक पेनी. काळीज मिनिटाला हजारच्या वर ठोके घेतं. रात्री अंग इतकं गार पडतं की मेल्यासारखा होतो आणि पहाटे थरथरून पुन्हा तापतो. घरटं कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं, अक्रोडाच्या करवंटीएवढं. आणि आहार काय? फुलातला मध! आठल्यांना भरून आलं. मांस नाही, मासा नाही, कुणाला त्रास नाही, नुसता मध. “ऋषी आहे गं ऋषी,” ते पद्मिनीबाईंना म्हणाले. आठल्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आइस्क्रीमच्या डब्यावरची बारीक अक्षरं ते भिंगातून वाचायचे. आपल्याच दारी हा पक्षी यावा यात त्यांना एक प्रकारचा न्याय दिसला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकाचं पुढचं पान वाचलं.

ऋषी चिलटं खातो. माश्या खातो. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले किडे पळवतो आणि वाटलं तर कोळ्यालाही गिळतो. पिल्लांना भरवताना आई आपली सुईसारखी चोच त्यांच्या घशात पार आतपर्यंत खुपसते आणि पोटातले अर्धवट पचलेले किडे तिथे ओकते. शिवाय दिवसभर आपल्या वजनाहून जास्त पाणी पितो, आणि ते पाणी बाहेरही येतं. अंगणातल्या टेबलावर दोन दिवस जे बारीक शिंतोडे पडत होते ते दव नव्हतं. आठल्ये त्या टेबलावर पोहे खात होते.

मिसेस क्रेन्शॉंना मात्र यात चिंतेची बाब वेगळीच दिसली. “नुसत्या साखरेवर तो राहणार नाही, गुरू. प्रोटीन शोधत जाईल. केळी टांग.”

“केळी खातो?”

“छे! केळी सडू द्यायची. चिलटं होतात. ती तो खातो.”

आठल्यांनी हे पद्मिनीबाईंना सांगायला दीड दिवस घेतला.

“सडकी केळी?” पद्मिनीबाई मोदकपात्र घासत होत्या. “अहो, रविवारी गणपती बसायचेत. साठ माणसं त्याच दारानं यायचीत. आणि तुम्ही दाराशी माश्यांची पैदास करणार?”

“पाठीमागे टांगतो. पेकनच्या झाडाला. वास नाही यायचा.”

हे पहिलं खोटं. सप्टेंबरातल्या शुगर लँडमध्ये हवेची आणि ओल्या फडक्याची जात एकच असते. केळी दोन दिवसांत काळी पडली आणि तिसऱ्या दिवशी गळायला लागली. कांद्याच्या जाळीतून तपकिरी लाळ थेंबाथेंबानं गवतावर पडायची. वास आधी गोड, मग आंबूस, मग थेट बसायच्या खोलीत. चिलटांचा ढग जाळीभोवती उभा राहिला आणि पाचूचा तो दागिना त्यात भाजीबाजारातल्या गिऱ्हाइकासारखा उभा राहून एकेक निवडून खाऊ लागला. खाल्लं की बाटलीवर, बाटलीवरून टेबलावर, टेबलावर शिंतोडे. त्याची मान दिसेनाशी झाली. शुक्रवारपर्यंत तो तरंगायचा कमी आणि दांडीवर बसायचाच जास्त.

“बाळसं धरलंय,” पद्मिनीबाई नाक दाबून म्हणाल्या. त्यांना वासाचा संताप होता, पण आपल्या हातचं कुणाच्या अंगी लागलेलं त्यांना मनापासून आवडायचं.

बातमी फुटून आणखी पक्षीवाले आले. मळक्या अर्ध्या चड्ड्या, खिशात सँडविच. ते गवतात बसून डबे उघडायचे आणि हॅम खाता खाता दुर्बिणी फिरवायचे. एकानं दुर्बीण चुकीच्या खिडकीकडे फिरवली, तिथे पद्मिनीबाई गाउनमध्ये केस विंचरत होत्या. “हे सोमवारी संपणार आहे ना नक्की?” त्यांनी विचारलं. आठल्ये म्हणाले, नक्की. ते मात्र खरं होतं.

शुक्रवारी बाटलीवर आणखी एक पाहुणा आला. बोटाहून लांब, काटकुळा, पोपटी. पुढचे दोन पाय जोडून नमस्कार केल्यासारखा निश्चल बसलेला. माश्यांच्या वासावर आला असणार.

“प्रेइंग मँटिस,” दीपा म्हणाली. “डॅड, यू शुड मूव्ह दॅट थिंग.”

“राहू दे. दोन दिवसांनी गणपती आणि हा हात जोडून बसलाय. या घरात एवढं तरी कोण बसतं?”

दीपानं खांदे उडवले. ती शाळेत बायॉलॉजी शिकत होती, पण तिला विचारायची घरात पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी सहाला आठल्ये दूर्वा काढायला बाहेर आले. दूर्वा म्हणजे टेक्ससचं लॉनच, पण निवडून घेतलं की चालतं. त्यांनी सवयीनं बाटलीकडे पाहिलं. कीटक उलटा लटकला होता आणि त्यानं हात अजून जोडलेलेच होते, फक्त आता त्या हातांत पक्षी होता. पंख उघडे पडले होते. कीटकानं डोळ्यापासून सुरुवात केली होती आणि तो सावकाश, नीट, एकेक घास चावून खात होता. आवाज येत होता. इतक्या लहान तोंडातून आवाज येत असेल असं आठल्यांना कधी वाटलं नव्हतं, कुरकुरीत होता.

आठल्यांनी चप्पल मारून कीटक पाडला, पक्षी उचलला, आणि मग जास्वंदीकडे वळून ओकले. कुंडीत त्याच दिवशी वाहायची फुलं होती.

मग त्यांनी मिसेस क्रेन्शॉंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं:

“बाकी शरीर आहे?”

“आहे.”

“शेपूट?”

“आहे.”

“अरे, मग उत्तमच की!” बाईंचा आवाज उजळला. “फोटोवर समिती वाद घालते. देहावर कोण घालणार? या उन्हात दोन तासांत नासेल मात्र. आत्ताच्या आत्ता फ्रीझरमध्ये टाक.”

आठल्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून मोदकाच्या उकडीचा वास येत होता. त्या फ्रीझरमध्ये चौदा वर्षांत चीजसुद्धा शंकेनंच गेलं होतं. पद्मिनीबाईंच्या आईंनी मुक्कामाला आल्यावर त्याच फ्रीझरला हळदकुंकू लावलं होतं. आणि आज चतुर्थी.

पण सोमवार उद्यावर आला होता.

त्यांनी पक्षी फॉइलमध्ये गुंडाळला. घाईत गुंडाळी धड बसली नाही. पद्मिनीबाई पूजेची तयारी बघायला गेल्या तेव्हा त्यांनी फ्रीझर उघडला. आत बोट शिरायला जागा नव्हती. आइस्क्रीमचे रिकामे डबे आपल्याकडे कुणी फेकत नाही. अशा दोन डब्यांत मोदकांचं सारण होतं. वरचा आजचा. खालचा पाचव्या दिवशीच्या विसर्जनाचा, त्याला गुरुवारपर्यंत कुणी हात लावणार नव्हतं. आठल्यांनी खालचा डबा उघडला, चमच्यानं सारणात खळगा केला, पुडी आत ठेवली, वरून खोबरं सारखं केलं. वळून पाहतात तो दारात दीपा.

“डॅड. इज दॅट...”

“दीपा, हे बघ, उद्या सकाळी आठ वाजता मी ते काढणार. आईला सांगू नकोस.”

“दॅट इज सो ग्रॉस,” दीपा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर बापाविषयी इतकी उत्सुकता पहिल्यांदाच दिसली.

“काय चाललंय पहाटे पहाटे?” आतून पद्मिनीबाई.

“बर्फ बघतोय!” हे दुसरं खोटं.

पूजा झाली. दुपारी पद्मिनीबाईंनी त्यांना मंडळाच्या खुर्च्या आणायला पिटाळलं. खुर्च्या ज्यांच्या गराजमध्ये होत्या ते केटी नावाच्या गावात राहात. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मध्ये त्यांचा गणपती, त्यांची आरती, त्यांचा प्रसाद. आठल्ये साडेपाचला परतले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं होतं. साठ सांगितली होती, ऐंशी आली होती. मंदीत नोकऱ्या गेलेले लोकही बायकापोरांसकट आले होते, आणि गणपतीला आलेल्याला नाही म्हणत नाहीत.

आठल्ये हात धुवायला सिंकपाशी गेले. सिंकमध्ये आइस्क्रीमचे डबे पालथे घातले होते. दोन.

“पद्मिनी,” ते म्हणाले, “हा दुसरा का काढला?”

“मग काय करू? ऐंशी माणसं! गुरुवारचं गुरुवारी बघू.” पद्मिनीबाईंच्या हातात मोदकांचं ताट होतं, कपाळावर घाम. “आणि अहो, सारणात ती फॉइलची पुडी कसली होती? जायफळाची का? मी ठेवली परत वरती फ्रीझरमध्ये. उघडायला वेळ कुणाला होता! एका बाजूनं सुटलीच होती.”

“जायफळ,” आठल्ये म्हणाले. हे तिसरं.

यानंतर त्यांना बोलायला पुष्कळ संधी होती, हे सांगायला हवं. आरती अर्धा तास चालली. त्यात कुठेही थांबवून सांगता आलं असतं: मंडळी, मोदक खाऊ नका, सारणात मेलेला पक्षी होता, डोळा नसलेला. मग पद्मिनीबाईंनी फ्रीझर, पुडी आणि नवरा यांपैकी पहिल्या दोन वस्तू नक्की बाहेर फेकल्या असत्या, आणि सोमवारी संग्रहालयवाल्याला दाखवायला काही उरलं नसतं. आठल्ये टाळ्या वाजवत राहिले. देशातली पहिली. कायमची. त्यांचा सूर लागत नव्हता, पण तो एरवीही लागत नसे.

पंगत बसली. पहिली वाहवा अर्थातच चंद्रशेखर गोगट्यांची.

“वहिनी, काय मोदक झालेत! पुण्यात असे मिळत नाहीत यार. सारणात नवीन काय घातलंत?”

“काही नाही हो भावजी. नेहमीचंच.”

“नाही, नाही, काहीतरी वेगळी चव आहे.” गोगट्यांनी सहावा मोदक फोडला आणि आत निरखून पाहिलं. पांढऱ्या खोबऱ्यात काहीतरी हिरवं चमकत होतं, नखाच्या टोकाएवढं. आठल्यांना ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं. “अरे वा! पिस्ता! आणि वर म्हणे नेहमीचंच!”

“पिस्ता?” पद्मिनीबाई म्हणाल्या. “मी कुठे...”

“वर्खातला दिसतोय, चमकतोय बघा.” गोगट्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, मान डोलावली. “चावायला जरा चिवट आहे. पण क्वालिटी आहे.”

कोपऱ्यात दीपा हातात रिकामी प्लेट घेऊन उभी होती.

“दीपाबेटा, तू नाही घेत मोदक?”

“आय अ‍ॅम गुड, काका,” दीपा म्हणाली. “डॅड विल हॅव माइन.”

“घ्या की आठल्ये! यजमान असून उपाशी?” गोगट्यांनी स्वतःच्या हातानं दोन मोदक आठल्यांच्या पानात वाढले, वर तूप सोडलं. सगळे बघत होते. आग्रहाला नाही म्हणणारा माणूस आपल्यात एक तर आजारी असतो किंवा भांडलेला. आठल्यांनी एक उचलला. खोबरं, गूळ, वेलदोडा. उत्तम होता, हेच त्यात सर्वांत किळसवाणं होतं. दाताखाली काही बारीक आलं तेव्हा ते त्यांनी चावलं नाही. तसंच गिळलं, आणि हसले.

सोमवारी संग्रहालयाचे गृहस्थ आले. पुडी उघडून त्यांनी पक्षी उलटा केला, फुंकर मारून छातीवरची पिसं बाजूला केली, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि आठल्यांकडे पाहिलं. आठल्यांनी आपलं नाव वहीत स्वतः लिहून दिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नंतर दोन महिने ते पोस्टमनच्या आधी पेटीपाशी असायचे. मंडळाच्या अंकासाठी त्यांनी स्वतःचा फोटोही काढून ठेवला होता, तीन बोटं हनुवटीवर टेकलेला.

नोव्हेंबरात समितीचा निकाल आला. पक्षी फोर्क-टेल्ड एमराल्ड, नर, याबद्दल दुमत नाही. वजन, डोक्याचा काही भाग नसताना, तीन पूर्णांक सहा ग्रॅम. ही जात स्थलांतर करत नाही, त्यामुळे चरबी साठवायचं तिला कारण नसतं. या पक्ष्याच्या कातडीखाली मात्र सर्वत्र चरबीचा थर आढळला. पोटात चिलटं आणि भरपूर साखर. पिसांना नारळाचा आणि घरगुती मसाल्याचा तीव्र वास. या सर्वांवरून पक्षी दीर्घकाळ माणसाच्या घरात ठेवलेला होता असं समितीचं एकमतानं मत झालं. देशाच्या यादीत त्याची गणना करता येत नाही.

कातडं संग्रहालयानं ठेवून घेतलं. खणातल्या चिठ्ठीवर टाइप केलेल्या तीन ओळी आहेत. फोर्क-टेल्ड एमराल्ड, नर. पिंजऱ्यातील पक्षी. मालक: गुरुदत्त वामन आठल्ये, शुगर लँड.